उरुशीचे रोगण आणि गोव्याची वाट

उरुशी वृक्षाच्या खोडाला चिरा देऊन हंगामभर थेंबाथेंबाने गोळा केलेला चीक एका झाडामागे जेमतेम पावशेर भरतो. आणि तो लाकडी पात्रावर थरावर थर चढवून दमट कपाटात ठेवावा लागतो, कारण हे रोगण ओलसर हवेतच कठीण होते. ओल्या थरावर नळीतून सुवर्णरज भुरभुरवून शरदातील तृणपुष्पे रेखाटणाऱ्या माकी-ए कलेचा परमोत्कर्ष, जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या विधवा पत्नीने १६०६ साली पतीच्या स्मरणार्थ क्योतोत स्थापिलेल्या कोदाइजी मंदिरात आजही दिसतो. त्या तृणपात्यांचा डौल मला दरबारी वैभवाहून थोर वाटतो.

१५४३ मध्ये जपानच्या किनाऱ्यास लागलेल्या पोर्तुगीजांनी पुढे याच कलेच्या कारागिरांकडे प्रार्थनाग्रंथांची पीठे नि घुमटाकार झाकणांचे पेटारे फर्मावले. त्यांवरील शिंपल्यांच्या दाट जडावावर गुजराती कारागिरीची छाया स्पष्ट आहे, आणि त्यात नवल नाही, कारण या व्यापाराचे दफ्तर गोव्यात होते व जहाजे मकाव-गोवा मार्गेच लिस्बनला जात. जपानी संयमाला ही गर्दी परकीच. तरीही हात तेच, म्हणून कामात कसर नाही. १६३९ मध्ये शोगुनशाहीच्या हुकुमाने पोर्तुगीज जहाजांना मज्जाव झाला, आणि ही निर्यात डचांच्या हाती गेली.