निवृत्त दुचाकीची कुळकथा

2025 च्या मार्चअखेर आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी सेवानिवृत्त झाले. इथली मराठी मंडळी त्यांना अण्णा म्हणतात. शिलाँग, जबलपूर, दिल्ली आणि अखेरीस डेहराडून असा चौतीस वर्षांचा प्रवास आटोपून ते मिरजेस परत निघाले होते. क्वार्टर रिकामे करावयाचे म्हणून सामानाची वाटणी चालली होती. न्यावयाचे, द्यावयाचे आणि मोडीत काढावयाचे असे तीन ढीग पडले होते. चौथी वस्तू एकच होती आणि ती कोणत्याच ढिगात बसत नव्हती. ती म्हणजे जाड टायरांची, आडव्या हँडलची, रंग उडालेली अण्णांची रेंजर सायकल.

1997 साली शिलाँगला बदली झाली तेव्हा अण्णांनी ती कार्यालयाकडून सायकल अग्रिम घेऊन विकत घेतली होती. (हे अग्रिम सातव्या वेतन आयोगानंतर, 2016 साली बंद झाले. आमच्या पिढीच्या वाट्यास ते फारसे आलेच नाही.) तिथल्या चढउतारांवर साधी काळी सायकल दमते, हे पाहून लुधियानाच्या कारखान्यातील ही नव्या धर्तीची दुचाकी त्यांनी निवडली आणि पुढील प्रत्येक बदलीत बरोबर नेली. आता भंगारवाल्याने तिची किंमत वजनावर सांगितली होती. काकूंचे म्हणणे असे, की मिरजेच्या सपाट रस्त्यांवर साठीच्या माणसाने डोंगरी सायकल कशासाठी न्यावी? प्रश्न बिनतोड होता. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू एवढं वाचत असतोस. हिला काही कूळ-मूळ आहे का, ते तरी सांग."

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढल्या चारपाच रात्री वाचन करून जे हाती लागले ते त्यांना सांगितले, आणि तेच येथे मांडीत आहे.

डोंगरी सायकलीचे कूळ कॅलिफोर्नियातील आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन परगणा लागतो. तेथे टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. उंची अडीच हजार फुटांहून थोडी अधिक, म्हणजे आपल्या सिंहगडाहूनही तो ठेंगणा. त्याच्या अंगावर आणि भोवतालच्या टेकड्यांवर वणवा विझविणाऱ्या पथकांसाठी केलेले कच्चे रस्ते आहेत. 1970 नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुणांना या रस्त्यांवरून भरधाव खाली येण्याचा नाद लागला. त्यांतील कित्येक जण एरवी शर्यतीच्या हलक्या सायकली चालविणारे होते. परंतु असल्या दगडमातीत त्या सायकलींचा निभाव लागेना. म्हणून त्यांनी काय शोधून काढले, तर मोडीत निघालेल्या जुन्या सायकली!

येथे जरा मागे जावयास हवे. शिकागो येथे श्विन यांचा कारखाना 1895 पासून चालू होता. जागतिक मंदीच्या ऐन काळात, 1933 साली, श्विन कंपनीने मोटारीसारखे फुगीर, सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे टायर असलेली सायकल बाजारात आणली. ही सायकल मुख्यत्वे पोरांसाठी होती. पोरे ती आपटणार, वर्तमानपत्रांचे गठ्ठे लादून घरोघर फिरविणार, हे जाणून ती दणकट केलेली होती. त्या पोरांचे पुढे आजोबा झाले आणि सायकली तळघरांत व दुकानांच्या मागल्या अंगणांत गंजत पडल्या. जो ब्रीझ नावाच्या तरुणाने 1973 साली 1941 सालची एक श्विन-एक्सेल्सियर विकत घेतली ती अवघ्या पाच डॉलरांना. म्हणजे ज्या यंत्रापासून पुढे जगभरचा एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला, ते यंत्र तीस वर्षे सेवा करून निवृत्त झालेले होते. हे वाचताना मला अण्णांच्या व्हरांड्यातील रेंजर आठवल्यावाचून राहिली नाही.

या जुन्या सायकलींना हातब्रेक नसे. मागे पेडल दाबले की मागच्या हबमधला ब्रेक लागावयाचा. फेअरफॅक्स गावाजवळच्या कॅस्केड रस्त्यावर सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांचा उतार आहे. तळाशी पोहोचेपर्यंत तो हब इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन निघून जाई, आणि पुढच्या खेपेआधी हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. 'पुन्हा भरणे' यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरून त्या उताराचेच नाव 'रीपॅक' पडले. आपल्या गल्लीतील सायकलवाल्याच्या भाषेत सांगावयाचे तर ती ओव्हर-ऑइलिंगची शर्यत! 21 ऑक्टोबर 1976 रोजी चार्ली केली याने घड्याळ लावून तेथे पहिली शर्यत घेतली. पहिली मालिका 1979 पर्यंत चालली. गॅरी फिशरने आपल्या जुनाट सायकलीस गिअर बसविले होते; असाच प्रयोग कॅलिफोर्नियातच कूपर्टिनो येथील काही मंडळींनीही केला होता. 1974 च्या डिसेंबरात ही मंडळी मरीनमधील एका शर्यतीस आपल्या गिअरवाल्या सायकली घेऊन आली आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर आली.

या हकीकतीत स्मरणरंजनास फारशी जागा नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या पोरांनी जुन्या सायकलींची पूजा केली नाही. त्यांनी त्या वापरून वापरून मोडल्या. सांगाडे तडकत, चिमटे वाकत, आणि 1941 च्या घाटाचा नवा सांगाडा मिळेनासा झाला. या टंचाईपायीच चार्ली केलीने जो ब्रीझला नवा सांगाडा घडविण्याची गळ घातली. 1977 साली ब्रीझने क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या जोडून पहिली 'ब्रीझर' तयार केली. अशा दहा झाल्या. खास डोंगरासाठी प्रथमपासून घडविलेल्या सायकलींत त्यांना आद्य मान देतात. पहिली ब्रीझर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे.

पुढची कथा भराभर सांगता येते. 1979 साली फिशर व केली यांनी टॉम रिची याच्या सांगाड्यांच्या सायकली विकण्यास आरंभ केला. 1981 साली जपानात बनविलेली 'स्टम्पजम्पर' साडेसातशे डॉलरांना बाजारात आली आणि हौशी मंडळींचा खेळ कारखान्यांच्या हाती गेला. 1990 साली कोलोरॅडोतील दुरँगो येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रवेश झाला. त्याच दशकात आपल्याकडे रेंजरसारख्या सायकली शाळकरी मुलांच्या स्वप्नांत आल्या. आमच्या वर्गात ज्याच्याकडे ती असे त्याच्या अभ्यासाकडे कोणी पाहात नसे.

कारखान्यांच्या हाती गेलेली वस्तू दर दोन वर्षांनी जुनी ठरते. आधी पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारी योजना आली, मग मागे आली. ब्रेक बदलले, दांडे रुंद झाले. 2012 च्या सुमारास तर श्विनच्या काळापासून चालत आलेले 26 इंची चाकच पाश्चात्त्य कंपन्यांनी मोडीत काढले व साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांची चाके आणली. नवी सायकल अधिक चांगली चालते, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुनीवर उतरताना मनुष्य हँडलवरून पुढे फेकला जाईल की काय असे वाटते, आणि पावसात तिचे रबरी ब्रेक लागतात की नुसते ओरडतात हे शेवटपर्यंत कळत नाही. तरीही परदेशांत आज साठी ओलांडलेली पुष्कळ माणसे 1980 व 1990 च्या दशकांतील आपल्या पोलादी सायकली जतन करून आहेत.

यात केवळ तारुण्याची आठवण आहे असे मला वाटत नाही. 1990 नंतरच्या ज्या सायकलींच्या चिमट्यात लवचीक रबराचे तुकडे बसविलेले होते, त्यांतील कित्येकांचे रबर आज भुगा होऊन गेले आहे. उलट ज्यांत असले काही नव्हते, ज्यांचे हब, कोन आणि छर्रे कोणीही पाना घेऊन उघडावेत, धुवावेत आणि ग्रीस भरून पुन्हा बसवावेत असे होते, त्या सायकली टिकल्या. पोलादी नळी तडकली तर झाळून जोडता येते. म्हणजे जी दुरुस्त करता आली ती उरली. मालकाचा लोभ कामी आलाच. पण लोभाला हात घालण्यास जागा असावी लागते.

हे सारे मी अण्णांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "सव्वीस इंची टायर मिळतील का तिकडे?" मी म्हटले, आपल्याकडे स्वस्त सायकलींना अजून तेच चाक लागते, मात्र काळ्या सायकलीचे सव्वीस इंची टायर यास बसत नाही, दोन्हींवर आकडा एक असला तरी माप निराळे, तेवढे दुकानदाराकडून पाहून घ्यावे. काकू आतून म्हणाल्या, "म्हणजे ठरलंच म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून मागचा हब उघडला. अठ्ठावीस वर्षांत छर्रे दोनदा बदलले होते, कोन मात्र मूळचे होते. ग्रीस काळे ठिक्कर पडले होते. ते पुसून नवे भरले, हँडल आडवे फिरविले, पेडले काढून पिशवीत बांधली आणि सांगाड्याला गोणपाट शिवले. गोणपाटाच्या कापडी पट्टीवर अण्णांनी स्वतःच्या सुवाच्य कारकुनी अक्षरात नाव आणि 'मिरज' लिहिले.

पार्सल कचेरीत अर्जावर मालाची किंमत लिहावयाची असते. अण्णांची लेखणी तेथे थांबली. भंगारवाल्याचा आकडा त्यांना ठाऊक होता. खिडकीमागचा बाबू घाई करू लागला तेव्हा त्यांनी 1997 साली पगारातून हप्त्याहप्त्याने फेडलेल्या अग्रिमाची संपूर्ण रक्कम लिहिली आणि पावती घडी करून निवृत्तिवेतनाच्या कागदांत ठेवली.