सल्लागाराची वही : प्रगतीचे माप आणि विश्वासाची राखण



पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुट ओलांडले की मुळशी तालुक्यातील कासार आंबोली हे गाव लागते. कोणत्याही गावाप्रमाणे इथल्या जमिनीचाही सातबारा आहे. कोणाच्या नावावर किती गुंठे, बोजा कोणाचा, हे त्यात लिहिलेले असते आणि ते कोणालाही पाहता येते. जमिनीचा कागद उघडा असण्यातच त्याचे संरक्षण आहे. पण अशाच एखाद्या गावातला बाप, मुलगी जेवत नाही, रात्र रात्र जागी असते म्हणून समुपदेशकाकडे गेला, तर तिथे लिहिला जाणारा कागद झाकलेला असण्यातच मुलीचे संरक्षण आहे. पारावर गेलेली गोष्ट घरी परत आणता येत नाही. ती आधी सोयरिकीच्या बैठकीत पोचते. या दुसऱ्या कागदाचा आपल्याकडील इतिहास आज थोडक्यात पाहावयाचा आहे.

आरंभी मनाच्या दुखण्याचा कागद दुखणाऱ्या माणसासाठी नव्हताच. १८५८ च्या आणि त्यानंतर १९१२ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावली. १९१२ च्या कायद्याप्रमाणे नातेवाइकांचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम एवढ्यावर माणूस आत ठेवता येई. हा कागद त्याच्याविषयी होता, त्याच्याकरिता नव्हता. माणसाला आत घेण्याचा अधिकार कोणास, हे त्यात नीट लिहिलेले असे. त्याला बरे वाटू लागले की नाही, हे त्याला स्वतःला विचारण्याची जागा त्या हुकुमात नव्हती.

दुसऱ्या प्रकारचा कागद लोकांनी आपण होऊन लिहिला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. जे वडीलधाऱ्यांना विचारता येत नव्हते, ते वाचक त्यांना विचारीत. अशा प्रश्नांना छापून दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला. या प्रकरणात आपल्या विषयाचा एक धडा आहे. प्रश्न चारचौघांपुढे यावा, कारण तो हजारोंचा असतो. विचारणारा मात्र चारचौघांपुढे येता कामा नये, कारण तो एकटा असतो. समुपदेशनातील गुप्ततेचे सारे शास्त्र या एका भेदात आहे.

पद्धतशीर नोंदवही आली ती समाजकार्याच्या शिक्षणाबरोबर. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. पुढे त्याचेच टाटा समाजविज्ञान संस्थेत रूपांतर झाले. १९३७ साली त्या विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढले. अशा केंद्रांची रीत ही की समाजसेवकाने घरची हकीकत टिपावी, मानसशास्त्रज्ञाने चाचण्या घ्याव्यात, डॉक्टरने प्रकृती तपासावी आणि तिघांनी बसून पुढचा विचार करावा. एका माणसाची स्मरणशक्ती अशा कामाला पुरत नाही. आज पाहिलेले मूल दोन महिन्यांनी पुन्हा आले, तर तेव्हा ते कसे होते हे लिहिलेले नसेल, तर ‘सुधारणा आहे’ हे शब्द म्हणजे सल्लागाराने स्वतःच्या पाठीवर मारलेली थाप होय.

कित्येकांना वाटते, की मनाच्या दुःखाला कसले आले आहे माप? त्यांनी गोव्यातील उदाहरण पाहावे. ‘संगाथ’ या संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला. सल्ला देणारे डॉक्टर नव्हते. थोडक्या दिवसांत शिकवून तयार केलेली सामान्य माणसे होती. सहा ते आठ बैठका घ्यावयाच्या आणि नऊ प्रश्नांच्या साध्या पत्रिकेवर त्रास किती उरला हे मोजावयाचे. या पत्रिकेत शून्यापासून २७ पर्यंत गुण असतात. गुण जितके अधिक, तितका त्रास अधिक. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मोजलेच नसते तर गावच्या साध्या माणसांच्या हातून एवढे काम होते, हे कोणी मान्य केले असते?

परंतु आकडा म्हणजे माणूस नव्हे. गुण उतरले आणि सून अजून माहेरी पाठवलेलीच असली, तर ती प्रगती अपुरी. म्हणून आकड्याशेजारी त्या व्यक्तीचे स्वतःचे उद्दिष्ट तिच्याच शब्दांत लिहावे : ‘मला पुन्हा शेतावर जायचे आहे’, ‘मला परीक्षेला बसायचे आहे’. आणि जे पाहिले तेवढेच लिहावे. ‘दोनदा रडली, आठ दिवसांत तीन रात्री झोपली’ ही नोंद झाली. ‘हट्टी आहे’ हा निकाल झाला. नोंदवहीत निकालाला जागा नाही.

कारण ही वही कधी न्यायालयापर्यंतही जाते. १९८४ साली टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. घरात मार खाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत, कोणत्या दिवशी काय घडले याची सरळ नोंद पुढे तिचा आधार होऊ शकते. तीच नोंद पूर्वग्रहाने लिहिली तर तिच्यावरच उलटते.

अखेर कायद्यानेही हे ओळखले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले आणि स्वतःचे कागद पाहण्याचा हक्क रुग्णाला दिला. जिवाला धोका असेल, कोणाला इजा होण्याचा संभव असेल, न्यायालयाचा हुकूम असेल, अशा थोड्या प्रसंगीच माहिती बाहेर जाऊ शकते, तीही गरजेपुरतीच. १९१२ च्या हुकुमापासून इथवर यायला एकशे पाच वर्षे लागली. जो कागद माणसाविषयी होता, तो आता माणसाचा झाला आहे.

तेव्हा श्रोतेहो, आपण किंवा आपले कोणी सल्ला घ्यायला गेलात, तर संकोच न करता तीन गोष्टी विचारा : तुम्ही काय लिहिता, ते कोण पाहील, आणि मला बरे वाटू लागले हे आपण दोघे कशावरून ओळखणार? ज्याला या प्रश्नांचा राग येत नाही, त्याच्या हाती आपले दुःख ठेवायला हरकत नाही.