राखणदार कोण?

मराठी वाचकाच्या मनातले जंगल बहुधा विदर्भातले असते. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिरा दाखवला, मारुती चितमपल्लींनी नवेगाव आणि मेळघाट. मचाण, पाणवठा, वनरक्षकाची चौकी आणि हद्दीबाहेरचे गाव ही त्या लेखनाची चौकट. चितमपल्ली स्वतः वनाधिकारी होते, तेव्हा ती चौकट सरकारी राखीव वनाची असणे स्वाभाविकच होते. सिंधुदुर्गाला मात्र ती लागू पडत नाही. इथले बरेचसे रान खासगी मालकीचे, काही गावाचे आणि काही देवाचे. या जिल्ह्याच्या रानाचा इतिहास समजून घ्यायला चितमपल्लींपेक्षा परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ अधिक उपयोगी पडतात. गाडगीळांच्या गद्यात चितमपल्लींची मोहिनी नाही. ते मुद्दा मांडतात, पुरावा देतात आणि पुढे सरकतात. रामचंद्र गुहांबरोबर 1992 मध्ये लिहिलेल्या ‘धिस फिशर्ड लँड’पासून ‘सह्याचला आणि मी’ या आत्मकथनापर्यंत त्यांचे सांगणे एकच आहे: ज्यांचे जगणे निसर्गावर अवलंबून आहे त्यांच्या हाती निर्णय राहिला, तर निसर्ग टिकण्याची शक्यता सर्वाधिक. मालवण किनारा आणि त्यामागचा घाट यांचा इतिहास हे सांगणे बऱ्याच अंशी खरे ठरवतो, पण गाडगीळांनी लिहिले तितक्या सरळपणे नाही.

सुरुवात देवराईपासून करावी लागते. गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून 1976 मध्ये तो प्रसिद्ध केला. तोवर सरकारी कागदोपत्री देवराई म्हणजे देवळाभोवतीची झाडी, एवढेच होते. या दोघांनी दाखवले की आजूबाजूचा डोंगर उघडा पडला तरी मूळच्या सदाहरित वनाचा नमुना राईत शिल्लक आहे, आणि गावाचा झराही बहुतेकदा तिथेच आहे. सिंधुदुर्गात राईतले झाड तोडायचे तर आधी देवाला कौल लावायचा, मानकऱ्यांनी गाऱ्हाणे घालायचे, ही रीत होती. ती निव्वळ श्रद्धा नव्हती; तोडीचा निर्णय कोणाही एकट्याला घेता येऊ नये याची ती व्यवस्था होती. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव इ.स. 1530 मध्ये बांधला गेला. काठावर भगवतीचे देऊळ, भोवती झाडी, खाली शेती. पाणी, देव आणि रान यांचा हिशेब तिथे एकत्रच ठेवलेला दिसतो. अलीकडचे दोन पुरावे तर शास्त्रज्ञांनीच समोर आणले. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल सापडली. दक्षिणेत केरळ-कर्नाटकात आढळणारे हे दुर्मीळ वन इतक्या उत्तरेला टिकले ते गावाने देवाची राई म्हणून राखलेल्या जागेत. आंबोलीच्या हिरण्यकेशीजवळ, महादेवाच्या देवळालगतच्या कुंडात, एक चिमुकला मासा 2020 मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला. या दोन्ही जागांना आता जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा आहे. दर्जा नवा, राखण जुनी.

आता समुद्राकडे वळू. 13 एप्रिल 1987 रोजी मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांभोवतीचा गाभा 3.182 चौरस किलोमीटरचा. प्रवाळ, शेवाळ, खडकातली मासळी यांची इथली समृद्धी खरी होती आणि ती राखण्याचा हेतूही योग्य होता. चुकली ती पद्धत. वन्यजीव कायदा माणसे वगळून आखलेल्या जंगलासाठी घडला. तोच, ज्या पाण्यावर किनाऱ्यावरची गावे पोट भरतात त्या पाण्यावर पसरला. मच्छीमारांचा विरोध तेव्हापासूनचा आहे. त्या विरोधाला निसर्गद्वेष म्हणणे सोयीचे असले तरी खोटे आहे. दरम्यान याच पाण्यात स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचा धंदा फोफावला, म्हणजे जाळे संशयाखाली राहिले आणि प्रवाळावर पाय देणारा पर्यटक पाहुणा ठरला.

याच मच्छीमारांचे दुसरे वर्तनही इतिहासात नोंदलेले आहे. रापण ही मालवणी किनाऱ्याची जुनी मासेमारी. होडीने किनाऱ्याजवळ अर्धवर्तुळात जाळे सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून कित्येक माणसांनी ओढायचे आणि मासळीचे वाटे करायचे. मासळी किनाऱ्याला आली तरच रापणीला मिळणार, ही तिची मर्यादा होती आणि तीच समुद्राची सुटका होती. पर्ससीन जाळे बांगड्या-तारलीचा अख्खा थवा खोल पाण्यातच वेढून उचलते. त्याने ही मर्यादा मोडली. त्याविरुद्ध लढले ते रापणकर आणि छोटे गिलनेटवाले. संघर्ष समुद्रात झाला, रस्त्यावर झाला, निवेदनांतून झाला. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने राज्याने पर्ससीनचा हंगाम, क्षेत्र आणि परवाने यांवर मर्यादा घातल्या. अंमलबजावणी ढिली आहे, ही तक्रार रास्तच. पण या किनाऱ्यावर मासळी वाचवण्यासाठी झालेली सर्वांत मोठी चळवळ अभयारण्याला विरोध करणाऱ्यांनीच केली, हे विसरता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की गावकऱ्यांनीच राया तोडल्या. खरे आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसा हवा म्हणून राईतले जुने वृक्ष विकल्याची उदाहरणे आहेत, आणि सावंतवाडी-दोडामार्गात मालकांनी डोंगर विकल्यावर तिथे रबराच्या लागवडी उभ्या राहिल्या. पण खासगी मालकी म्हणजे गावाची मालकी नव्हे. सातबाऱ्यावर एकाचे नाव असले की कौल लावायची गरज उरत नाही. रबर आले ते नेमके अशा जमिनीवर. दुसरा आक्षेप, देवाच्या भीतीने झाड राखणे म्हणजे पर्यावरणाची जाण नव्हे. नसेल, बांबर्ड्याच्या दलदलीला त्याने काही फरक पडलेला नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खाणींच्या पैशासमोर गाव टिकत नाही, शेवटी न्यायालयात जावे लागते. दोडामार्गातल्या कळणेकरांनी खाणीला कडाडून विरोध केला तरी खाण आलीच. 2021 च्या पावसात तिचा बांध फुटून चिखलाचे पाणी वस्तीत आणि शेतात घुसले. यावरून गाव दुबळे ठरते, पण गाव चुकले असे ठरत नाही. राज्याने गावाची जागा घेण्याऐवजी गावाच्या मागे उभे राहायला हवे होते. चौथा आक्षेप मात्र मला पूर्णपणे खोडता येत नाही. गाडगीळांच्या लेखनातले गाव फार एकमताचे असते. कौल कोण लावणार, गाऱ्हाणे कोण घालणार, हे जातीने आणि मानाने ठरत आले. बायकांना त्यात आवाज नव्हता. जुनी व्यवस्था होती तशी परत आणा असे कोणी म्हणत असेल, तर या गोष्टीचे उत्तर त्याने द्यावे.

म्हणूनच ग्रामसभा महत्त्वाची. गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल दिला तेव्हा त्यांचा आग्रह पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या रेषेपेक्षा ती रेषा ग्रामसभांनी चर्चा करून ठरवण्यावर अधिक होता. आमचे गाव संवेदनशील ठरवा, असे ठराव सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी आपणहून केले होते. सरकारने मात्र अहवाल दडवला. तो मे 2012 मध्ये लोकांपुढे आला. मग कस्तुरीरंगन समिती नेमली गेली आणि उपग्रहाच्या नकाशावरून नव्या रेषा निघाल्या. ‘गाडगीळ म्हणजे घराला चिरा लावायलाही बंदी’ ही अफवा कोकणात पसरली ती अहवाल कोणी वाचलाच नव्हता म्हणून, आणि तो वेळेवर मराठीत गावोगाव पोहोचवणे कोणाच्या सोयीचे नव्हते म्हणूनही.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. या वह्यांच्या कल्पनेमागे गाडगीळच होते. पुष्कळ ठिकाणी ती वही तारीख गाठण्यासाठी भरली गेली. सिंधुदुर्गातल्या वाचकाने आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती मागावी. त्यात गावची राई, झरा, खाडी आणि रापणीचा किनारा नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय घ्यायला लावून नोंद करून घ्यावी.