वाल, ट्रिप्सिन आणि पदवीचे प्रॅक्टिकल

मालवणकडे वाल भिजत घालतात, ते पाणी फेकतात, मोड आणतात, सोलतात आणि मगच शिजवतात. कुळीथ मात्र भाजून दळायचे, त्याची पिठी करायची. या खटाटोपामागे चवीइतकेच रसायनशास्त्रही आहे. कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी प्रथिने असतात. किडीपासून ती बीचे रक्षण करतात. कच्चे वाल खाल्ले तर आपलेही पचन बिघडवतात.

या रोधकांचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. कमला सोहोनी (दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी) यांना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या चाचणीच्या अटीवर त्यांना घेतले. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांना नीरा आणि कडधान्ये असे घरचेच विषय दिले. वाल व डबल बीन यांतून ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याचे त्यांनी सहकाऱ्यासह १९५५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले.

पण हे संशोधन पदव्युत्तर वर्गाबाहेर फारसे आले नाही. बी.एस्सी.च्या मुलांच्या वाट्याला आला तेलाचा आयोडीन अंक. उत्तर पुस्तकात छापलेले, मग वहीतले आकडे त्याच्याशी 'जुळवले' जातात. याला प्रयोग म्हणणे आम्हाला जड जाते.

महागड्या उपकरणांची सबबही आता पुरत नाही. १९९४ साली औरंगाबादच्या विद्यापीठातील पिचारे व कचोळे यांनी रोधक ओळखण्यासाठी एक्स-रे फिल्म वापरली. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. ट्रिप्सिन तो पचवते. रोधक असेल तिथे थर टिकतो. त्यांनी जेलवर वेगळी केलेली प्रथिने तपासली, पण तत्त्व साध्या थेंबालाही लागू पडते. वापरलेल्या काळ्या फिल्मवर ट्रिप्सिनचा थेंब टाकून कोमट जागी ठेवावा आणि धुवावा: पारदर्शक ठिपका उमटतो. शेजारी ट्रिप्सिनमध्ये कुळथाचा अर्क मिसळून थेंब द्यावा. तिसरा थेंब नुसत्या अर्काचा. तो वगळला तर तुलनाच लंगडी पडते.

आता कुळीथ किती मिनिटे भाजले म्हणजे रोधक निकामी होतो? वालांच्या फेकलेल्या पाण्यातून तो किती जातो? आपल्या गावच्या वाणाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही, शिक्षकालाही ते आधी ठाऊक नसेल. प्रत्येक गटाने आपापल्या घरचे कुळीथ आणावे. वाण कुठला, कधी काढला, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. त्यासाठी आजीला विचारावे लागले तर तेही नोंदवावे.