समुद्रात पेरलेले पैसे

"जमिनीत घातलेला पैसा बुडत नाही" हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो. इकडे आल्यावर पहिले घर आणि जमल्यास तिकडे एक फ्लॅट, हा आपल्यापैकी बहुतेकांचा क्रम त्याच विश्वासातून आलेला आहे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आपण कधी ना कधी बसलेलो असतो. त्या कठड्यामागच्या जमिनीने मात्र साठेक वर्षांत दोनदा मुंबईचे पैसे बुडवले. त्याची ही हकिकत.

पहिल्या वेळेचे मूळ अमेरिकेत आहे. 1861 साली येथे यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. कापसाचे भाव गगनाला भिडले, शहरात पैसा मावेना. तो गेला समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांत. बॅकबे कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या आसपास पोहोचला. विकायची जमीन तेव्हा पाण्याखालीच होती! 9 एप्रिल 1865 रोजी जनरल ली शरण गेला, कापूस कोसळला आणि 1 जुलैला, म्हणजे वायद्याचे सौदे पुरे करण्याच्या दिवशी, मुंबईत दिवाळखोरांची रांग लागली. शेअर तारण ठेवून कर्जे वाटणारी बँक ऑफ बाँबेही पुढे बुडाली.

दुसरा खेळ सरकारने मांडला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 साली, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथील 207 बीडीडी चाळी याच खात्याच्या. त्याचे दुसरे काम होते बॅकबेमध्ये 1,145 एकर जमीन काढण्याचे. समुद्रात दगडी भिंत घालायची, बंदरातला गाळ ड्रेजरने उपसून नळांतून भिंतीआड सोडायचा, गाळ बसला की प्लॉट विकायचे आणि त्यातून कर्ज फेडायचे.

हिशेब तीन आकड्यांवर उभा होता: ड्रेजर हंगामात किती गाळ काढेल, त्यातला किती भिंतीआड टिकेल आणि शेवटी प्लॉटला काय भाव येईल. तिन्ही चुकले. तळाची चिकणमाती अपेक्षेपेक्षा घट्ट निघाली, ड्रेजरचे काम मागे पडले. जो बारीक गाळ आला तो भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. काम लांबले तसे अंदाजपत्रक फुगले, आणि तोवर महायुद्धानंतरची जागांची तेजी ओसरली. यातली एकेक चूक कदाचित निभावली असती. पण उशीर झाला की व्याज चढते आणि बाजारही थांबत नाही, म्हणून मातीतली चूक थेट तिजोरीत उतरते.

लोक योजनेला 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणू लागले. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलाने खात्यातल्या गैरकारभारावर जाहीर आरोप केले. हार्वी या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. 1928 साली नरिमन निर्दोष सुटले. त्याआधी 1926 साली चौकशी समिती नेमली गेली होती आणि योजनेला कात्री लागली होती. अखेर सुमारे 440 एकर जमीन हाती आली, आणि तिच्यातली निम्म्याहून अधिक लष्कराला गेली. उरलेल्या भागावर 1930 नंतर मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. 2018 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. सोडून दिलेल्या भागात पुढे 1960-70 च्या दशकांत भराव पडला. त्याच्या टोकाचे नाव: नरिमन पॉइंट.

म्हणजे जमीन अखेरीस सोन्याच्या मोलाची ठरली. पण तो नफा पहिल्या पैसे घालणाऱ्यांना मिळाला नाही. "शेवटी भाव वाढतोच" म्हणणाऱ्या ब्रोकरला हा मुद्दा जरूर विचारावा: वाढतो, पण तोवर हप्ते कोण भरणार?

याच सुमारास, 1925 साली, कार्ल टेर्झागी यांचा मृदायांत्रिकीवरचा पायाभूत ग्रंथ व्हिएन्नात निघाला. ओल्या चिकणमातीवर वजन आले की तिच्यातले पाणी हळूहळू निघते आणि तेवढी जमीन खाली बसते. थराची जाडी दुप्पट झाली तर लागणारा वेळ चौपट होतो. म्हणून नवे घर पाच वर्षे सरळ उभे आहे, हा पाया पक्का असल्याचा पुरावा नव्हे.

आज हे ज्ञान विकत मिळते. टेक्सासमधली फुगणारी-आकसणारी माती असो वा खाडीकाठचा भराव, मातीचा अहवाल मागता येतो, पाया पाहायला स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमता येतो. नेहमीच्या घरविम्यात जमीन खचण्याचे नुकसान सहसा वगळलेले असते, तेव्हा पॉलिसीतले ते कलम वाचावे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये पैसे घालताना ताबा दोन वर्षे लांबला तर आपला हिशेब टिकतो का, तेही मांडून पाहावे. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटची चौकशी आपण तासभर करतो. निदान तेवढा वेळ खालच्या मातीला द्यायला हरकत नाही.