पाऊणशें रुपयांची मास्तरकी

काटोल येथील न्यायालयांत नुकताच वकिली करूं लागलेला एक तरुण गेल्या उन्हाळ्यांत आमच्याकडे बसावयास आला. एका संस्थेंत कायद्याचें काम पाहणाऱ्या माणसाची जागा निघाली होती. तिच्या मुलाखतीसाठीं तो पहाटेच्या गाडीनें नागपुरास गेला, दुपारीं तीनपर्यंत बाकावर बसून राहिला, आणि आंत बोलावल्यावर चौथ्या मिनिटास बाहेर पडला. कायद्याचा एकही प्रश्न त्यास कोणीं विचारला नाहीं. अमुक एक प्रमाणपत्र आहे काय, एवढेंच विचारलें, तें नव्हतें. "नव्हतें हें अर्जांत स्पष्ट दिसत होतें, मग बोलाविलें कशाला?" असें तो पुनःपुन्हां म्हणत होता. त्याची समजूत घालण्याच्या भरांत आम्हांस एक जुनें प्रकरण आठवलें. तें सर्वांच्या वाचनांतलें आहे. परंतु त्यांतील कागदपत्रांची संगति लावून कोणीं पाहिल्याचें आमच्या आढळांत नाहीं, म्हणून येथें थोड्या विस्तारानें मांडितों.

प्रकरण मोहनदास करमचंद गांधी यांचें. स्थळ मुंबई, काळ इ. स. १८९१ च्या अखेरपासून पुढील सुमारें सहा महिने. बॅरिस्टर झालेल्या या तरुणानें एका हायस्कुलांत रोज एक तास इंग्रजी शिकविण्याच्या जागेसाठीं अर्ज केला, मुलाखतीचें बोलावणें आलें, आणि पदवीधर नाहीं या एका कारणावरून त्यास परत पाठविण्यांत आलें. पगार दरमहा पंचाहत्तर रुपये होता. या घटनेचा मुख्य आधार म्हणजे स्वतः गांधींची आत्मकथा. ती 'नवजीवन' पत्रांतून १९२५ पासून क्रमशः छापली गेली, म्हणजे घटना आणि लेखन यांत तेहतीस वर्षांचें अंतर पडलें. इतक्या कालानें सांगितलेल्या हकीकतीस समकालीन कागदाचा टेंका असल्यावांचून ती जशीच्या तशी स्वीकारूं नये, हा आपला नेहमींचा दंडक. सुदैवानें तसा एक कागद उपलब्ध आहे. त्याकडे पुढें वळूं. प्रथम, पदवी नव्हती ती कां नव्हती, हें पाहिलें पाहिजे, कारण सर्व गंमत तेथेंच आहे.

गांधी १८८७ सालीं मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा उतरले व भावनगरच्या सामळदास कॉलेजांत दाखल झाले. तेथें त्यांनीं जेमतेम एक सत्र काढलें. वडील करमचंद राजकोटचे दिवाण होते; ते १८८५ त वारले होते, आणि घराण्यांत दिवाणगिरी टिकावी ही सर्वांची इच्छा होती. अशा वेळीं कुटुंबाचे जुने स्नेही मावजी दवे यांनीं सल्ला दिला. त्यांचा हिशेब असा: बी. ए. होण्यास चारपांच वर्षें लागणार, आणि इतकें करून हातीं काय येणार, तर फार झालें तर साठ रुपयांची नोकरी. त्यापेक्षां मुलास विलायतेस पाठवावें; तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन येईल, खर्च चारपांच हजारांच्या वर जाणार नाहीं. हिशेब घरांत पटला. साठ रुपयांच्या नोकरीची पायरी नको म्हणून पदवीचा मार्ग सोडला गेला, आणि पुढें चार वर्षांनीं त्याच पदवीवांचून पंचाहत्तर रुपयांची जागा हातची गेली. मावजी दव्यांचा अंदाज पंधरा रुपयांनीं चुकला, असें म्हणतां येईल!

विलायतेंत ६ नोव्हेंबर १८८८ रोजीं गांधींचें नांव इनर टेंपल या संस्थेंत दाखल झालें. त्या काळीं बॅरिस्टर होण्यास सत्रें भरावीं लागत, आणि सत्र भरणें म्हणजे संस्थेच्या भोजनगृहांत ठराविक वेळां जेवणास हजर राहणें. अशीं बारा सत्रें पुरीं करावयाचीं. परीक्षा होत्या, पण त्या जड नव्हत्या. हातीं वेळ राहतो असें पाहून गांधींनीं लंडनची मॅट्रिक्युलेशन देण्याचें मनावर घेतलें. पहिल्या खेपेस लॅटिन भाषेनें दगा दिला. दुसऱ्या खेपेस, जून १८९० मध्यें, ते उतरले. १० जून १८९१ रोजीं त्यांस बॅरिस्टरी मिळाली, दुसऱ्या दिवशीं तेथील हायकोर्टांत नांव नोंदविलें, आणि तिसऱ्या दिवशीं ते स्वदेशीं निघाले. परतल्यावर वडील बंधूंनीं त्यांस नाशिकास नेऊन गोदावरीचें स्नान घडविलें, कारण समुद्रगमनामुळें ज्ञातींत तट पडले होते. म्हणजे वकिलीच्या सनदेपूर्वीं शुद्धीची सनद घ्यावी लागली.

आतां तो कागद. १६ नोव्हेंबर १८९१ या तारखेचा, मुंबई हायकोर्टाच्या प्रोथोनोटरी व रजिस्ट्रार यांस लिहिलेला, ॲडव्होकेट म्हणून दाखल करून घेण्याविषयींचा गांधींचा अर्ज त्यांच्या संकलित वाङ्मयांत छापला आहे. अर्ज लहान आहे, पण बोलका आहे. बारा सत्रें भरल्याचें व गेल्या १० जून रोजीं बॅरिस्टर झाल्याचें त्यांत नमूद आहे. पुढें अडचण. मुंबईच्या नियमाप्रमाणें शील व योग्यता यांविषयीं इंग्लंडांतील न्यायाधीशाचें प्रमाणपत्र हवें होतें. तो नियम ठाऊक नसल्यानें तें आणतां आलें नाहीं, असें अर्जदार कबूल करितो. त्याऐवजीं डब्ल्यू. डी. एडवर्ड्स या तेथील बॅरिस्टराचें प्रमाणपत्र तो जोडतो, आणि हे गृहस्थ स्थावर मिळकतीच्या कायद्यावरील एका ग्रंथाचे कर्ते असून तो ग्रंथ बॅरिस्टरीच्या शेवटच्या परीक्षेस नेमलेला आहे, अशी पुस्ती जोडतो. हवा तो शिक्का जवळ नाहीं, तेव्हां आहे त्या शिक्क्याचें वजन वाढवून सांगावयाचें! जुन्या दप्तरांतील वतनदारांचे अर्ज ज्यांनीं वाचले आहेत, त्यांस ही तऱ्हा अपरिचित नाहीं. हायकोर्टानें मात्र हें प्रमाणपत्र चालवून घेतलें.

सनद झाली, पण कामें येईनात. गांधी गिरगांवांत बिऱ्हाड करून राहिले होते. तेथून हायकोर्टापर्यंत पाऊण तासाचा रस्ता ते पायीं जात. कोर्टांत बसल्यावर पुष्कळदां डुलकी लागे, आणि इतर नवखे बॅरिस्टरही तेंच करितात हें पाहून आपली शरम कमी झाली, असें ते लिहितात. फिरोजशहा मेहतांस पुराव्याचा कायदा तोंडपाठ आहे, बद्रुद्दीन तय्यबजींच्या युक्तिवादानें न्यायाधीशही दबकतात, अशा गोष्टी ऐकून धीर येण्याऐवजीं खचतच असे. स्मॉल कॉज कोर्टांत ममीबाई नांवाच्या पक्षकारणीचें काम मिळालें. फी तीस रुपये. दलालास दस्तुरी देण्यास त्यांनीं साफ नकार दिला होता. उलटतपासणीस उभे राहिले, तों डोकें गरगरूं लागलें व एकही प्रश्न सुचेना. खालीं बसून त्यांनीं काम दुसऱ्या वकिलाकडे सोंपविलें. त्यानें एकावन्न रुपये घेतले. ममीबाई जिंकली कीं हरली, याचीही चौकशी न करतां ते कोर्टांतून निघून गेले.

या पडत्या काळांत ती जाहिरात दिसली. इंग्रजी हा आपला बरा विषय, मॅट्रिकच्या वर्गास शिकवूं, खर्चाचा कांहीं भाग निघेल, असा विचार करून अर्ज केला. बोलावणें आल्यावर ते मोठ्या उमेदीनें गेले. शाळेच्या प्रमुखांनीं, तुम्हीं पदवीधर नाहीं, तेव्हां नाइलाज आहे, असें खेदानें सांगितलें. लॅटिन ही दुसरी भाषा घेऊन लंडनची मॅट्रिक उतरलों आहें, असें गांधींनीं सांगून पाहिलें. तें खरें, पण आम्हांस पदवीधरच हवा, असें उत्तर आलें. येथें लक्ष्यांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, बॅरिस्टरीचा उल्लेख गांधींनीं त्या वेळीं पुढें केल्याचें दिसत नाहीं, लॅटिनचा केला. ज्या परीक्षेसाठीं खरोखर कष्ट पडले होते, तीच त्यांस आपली योग्यता वाटली असावी.

शाळेस दोष देण्यास आम्ही तयार नाहीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे पहिले पदवीधर १८६२ चे. त्या काळीं पदवीधर म्हणजे बोटावर मोजण्याइतका दुर्मिळ पुरुष. पुढें वीसएक वर्षांत पारडें पालटलें. १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें, तेथें विष्णुशास्त्री बी. ए., टिळक बी. ए. एलएल. बी., आणि लौकरच आपटे व आगरकर हे एम. ए. शिकवूं लागले. शाळा चालविणाऱ्यांस १८९२ च्या सुमारास पदवीधर मिळत होते, मग त्यांनीं दुसरा कां घ्यावा? विलक्षण गोष्ट कायद्याच्या बाजूची आहे. देशी वकिलास हायकोर्टांत उभें राहण्यास विद्यापीठाची पदवी घ्यावी लागे. विलायती बॅरिस्टरास ती लागत नसे. हे निरनिराळे वर्ग १९६१ च्या ॲडव्होकेट कायद्यानें मोडले. तोंवर, हायकोर्टांत न्यायमूर्तींपुढें बोलण्यास पात्र असलेला इसम इंग्रजीचा एक तास घेण्यास अपात्र ठरूं शकत असे.

मग बोलाविलें कशाला? काटोलच्या तरुणाचा प्रश्न येथेंही लागू पडतो. आमचा तर्क असा कीं, बॅरिस्टर म्हणजे पदवीधर असणारच, असें शाळेनें गृहीत धरलें. फिरोजशहा मेहता एम. ए. होऊन विलायतेस गेले होते. अशीं उदाहरणें लोकांच्या डोळ्यांपुढें होतीं. अर्जांतील जागा कोरी दिसली नाहीं, कारण ती वाचणाऱ्यानें मनानेंच भरून घेतली. जुन्या पत्रांचें वाचन करतांना आपल्यापैकीं कोणाकडून हा प्रमाद घडला नाहीं?

पुढील वृत्त थोडक्यांत देतों. मुंबईचें बिऱ्हाड मोडून गांधी राजकोटास गेले व अर्ज लिहून देण्याच्या कामांत दरमहा सुमारें तीनशें रुपये मिळवूं लागले. तेथेंही एक मुलाखत वांट्यास आली. बंधूंच्या कामासाठीं पोलिटिकल एजंटाकडे रदबदली करावयास गेले असतां साहेबाच्या शिपायानें त्यांस धरून बाहेर काढलें. यानंतरची मुलाखत निराळी निघाली. दादा अब्दुल्लांच्या पेढीचे शेट अब्दुल करीम झवेरी यांनीं पदवीची गोष्टच काढली नाहीं. काम अवघड नाहीं, एक वर्षाच्या आंतबाहेर लागेल, जाण्यायेण्याचें पहिल्या वर्गाचें भाडें व एकशेंपांच पौंड देऊं, एवढें सांगितलें. हें बॅरिस्टर म्हणून जाणें नसून पेढीचा नोकर म्हणून जाणें आहे, हें गांधींस कळत होतें. एप्रिल १८९३ मध्यें ते निघाले. पुढल्या वर्षीं नाताळच्या कोर्टांत दाखल होतेवेळीं तेथील वकिलांच्या संस्थेनें पुन्हां कागदच आडवा घातला: विलायतेची मूळ सनद कोठें आहे? ती मुंबई हायकोर्टांत जमा होती. ३ सप्टेंबर १८९४ रोजीं कोर्टानें हरकत बाजूस सारून त्यांस दाखल केलें. त्यांची बॅरिस्टरी इनर टेंपलनें १० नोव्हेंबर १९२२ रोजीं काढून घेतली. ती परत दिली १९८८ सालीं, मृत्यूनंतर चाळीस वर्षांनीं. डिसेंबर १९२० मध्यें नागपूरच्या काँग्रेसनें असहकाराचा ठराव केला, त्यांत वकिलांनीं कोर्टें सोडावीं असें एक कलम होतें, आणि वऱ्हाड-नागपुराकडील वकीलवर्गांत त्यावरून किती खळबळ उडाली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

काटोल हेंच प्राचीन कुंतलपूर, अशी येथील परंपरा आहे. जैमिनीच्या अश्वमेधांतील चंद्रहासाची कथा त्या नगराची. त्याच्याच हातीं त्याच्या वधाचें पत्र दिलें होतें. 'विष' या शब्दास एक अक्षर जोडून प्रधानकन्या विषया हिनें त्याचें लग्नपत्र केलें. ती कथा त्या तरुणास सांगितली, तेव्हां तो प्रथमच हंसला. आपल्या प्रमाणपत्रांत अक्षर जोडणारी कोणी नव्हती, असें म्हणाला. जातांना १६ नोव्हेंबरच्या अर्जाची नक्कल त्यानें उतरून नेली.

आत्मकथेंत त्या शाळेचें नांव नाहीं. एक नामांकित हायस्कूल, एवढाच निर्देश आहे. जाहिरात वर्तमानपत्रांत आली होती, आणि कालमर्यादा नोव्हेंबर १८९१ ते १८९२ चा मध्य इतकी आकुंचित आहे. ज्या संग्राहकांकडे त्या महिन्यांचे मुंबईच्या इंग्रजी वा देशी पत्रांचे अंक असतील, किंवा मुंबईंतील जुन्या हायस्कुलांचीं आवक-जावक बुकें ज्यांच्या हातीं आलीं असतील, त्यांनीं रोज एक तास, दरमहा पंचाहत्तर रुपये, या खुणेवरून तीं अवश्य चाळून पाहावीं.