वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. आम्ही मास्तर लोक त्यापुढे सरसकट 'चांगली' लिहीत आलो. तो शब्द पुढे फारसा कुणी वाचत नाही. वाचतात तो पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला.

भोर आणि वेल्ह्याची (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात) कितीतरी पोरं शिरवळ, खेड-शिवापूरकडे कंत्राटी कामाला जातात, नाहीतर पुण्यात सिक्युरिटी गार्ड होतात. खाजगी सुरक्षा एजन्सीसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. गार्डचं चारित्र्य तपासलंच पाहिजे आणि कोर्टाने दोषी ठरवलेला माणूस घेता येत नाही, असं तो सांगतो. दुसऱ्याच्या घरादाराची राखण करायची, तर चौकशी हवीच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण मंडळी, आपल्या मुलखात ही राखण पूर्वी कोण करायचं? रामोशी. गावात चोरी झाली तर चोराचा माग काढायचा, नाहीतर भरपाई द्यायची, ही त्यांची जबाबदारी आणि त्याबद्दल गावाकडून हक्क. पुरंदर किल्ल्याचा पहाराही त्यांच्याकडे होता. पेशवाईच्या अखेरीस तो काढून घेतला गेला, पुढे कंपनी सरकार आलं. काम गेलं आणि मानही गेला. त्यातून उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. १५ डिसेंबर १८३१ रोजी ते पकडले गेले ते आपल्या भोरजवळच्या उतरोलीत. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिली.

पुढे इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाखाही त्याखाली आला. कुणी काय केलं हे बघायचंच नाही, कुठल्या जातीत जन्मला ते बघायचं. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी. गाव सोडून मजुरीला जायचं तरी परवानगी. गंमत म्हणजे पुण्यातल्या साहेबांच्या बंगल्यांवर रात्रीच्या पहाऱ्याला रामोशीच असत! ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून हा कायदा गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही रामोशी आहेत. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि कागदावरून गेलेला संशय लोकांच्या मनात राहिलाच.

आजची पडताळणी जातीची नाही, माणसाची आहे. हा फरक फार मोठा, तो मान्यच. तरी कंत्राटी पोराची अडचण वेगळीच. मुकादमाला माणूस उद्या हवा असतो. दाखला आठवड्याने आला, किंवा त्यात बांधावरच्या भांडणाची जुनी केस निघाली, की जागा दुसऱ्याला. नकाराचं कारण कोणी लिहून देत नाही. सरकारी नोकरीतला उमेदवार निदान कोर्टात जातो. दिल्ली पोलिसांतल्या अशाच एका उमेदवाराच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने २०११ साली निकाल दिला. तरुणपणीच्या किरकोळ चुकीसाठी जन्मभर शिक्का मारू नये, असं सांगताना न्यायमूर्तींनी ह्यूगोच्या कादंबरीतल्या जाँ वालजाँचा दाखला दिला होता. पाव चोरणारा तो वालजाँ! सुटून आल्यावर दिवसभर हमाली करतो, पण त्याचे कागद दिसताच मालक ठरल्यापेक्षा कमी मजुरी हातावर ठेवतो. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यातही कोर्टाने किरकोळ आणि गंभीर गुन्हा यांत फरक करायला सांगितलं. पण तीन महिन्यांच्या कामासाठी कोण कोर्टात जाणार?

आपले काही भाचे-पुतणे कंपन्यांत माणसं घेण्याच्या कामावर आहेत. त्यांना एवढंच सांगणं : दाखला यायला चार दिवस जास्त लागले तर तेवढी वाट बघा. आल्यावर नीट वाचा. नुसती केस आहे की शिक्षा झाली, किती जुनी, कामाशी तिचा संबंध काय, ते बघा. आणि नाही म्हणण्याआधी त्या पोराला समोर बसवून एकदा विचारा.